वाचकांचे प्रश्न : अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या वाटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदा मात्र पत्रे लिहिणाऱ्यांत अठरा वर्षांच्या मुलांइतकेच कारखान्यात पाळी करणारे, पदवी घेऊन घरी बसलेले आणि पन्नाशीकडे झुकलेले लोकही दिसले. अभियांत्रिकीचा प्रवेश म्हणजे बारावी, सीईटी आणि चार वर्षे एवढेच समीकरण आपल्याकडे रूढ असल्यामुळे या मंडळींना आपण रांगेबाहेरचे आहोत असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवली असल्याने माझा कल पदविकेकडे झुकतो. उत्तरे वाचताना वाचकांनी हा पक्षपात लक्षात ठेवावा.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून आयटीआय (मशिनिस्ट) पूर्ण करून नऊ वर्षे एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर काम करतो. सुपरवायझरच्या जागेसाठी डिप्लोमा किंवा डिग्री मागतात. एका एजंटाने नोकरी सांभाळून ‘दूरस्थ पद्धतीने एका वर्षात बी.टेक.’ करून देतो असे सांगितले असून पहिला हप्ता महिनाअखेर द्यायचा आहे. द्यावा का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : देऊ नका. एजंट कितीही गोड बोलत असला आणि त्याने कोणाच्या पदवीची झेरॉक्स दाखवली असली, तरी देऊ नका.

दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीची पदवी देण्यास आपल्या देशात परवानगी नाही. काही अभिमत विद्यापीठांनी अशा पदव्या वाटल्या होत्या, त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल लागला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळाली आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच ठरल्या. त्या पदवीच्या जोरावर बढती घेतलेल्या माणसांवर काय वेळ आली असेल, याची कल्पना करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांतही दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणातून अभियांत्रिकी वगळलेली आहे. ‘एका वर्षात’ हा शब्द तर कोणत्याच नियमात बसत नाही.

कारखान्यातले जुने सहकारी तुम्हाला ‘एएमआयई कर’ असेही सांगतील. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० पासूनची असून नोकरी करत तिच्या परीक्षा देऊन अभियंता झालेली कितीतरी माणसे आपल्या आधीच्या पिढीत होती. परंतु त्या परीक्षेला पदवीशी समकक्ष धरण्याची सोय ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहिली. तुमच्यासाठी ती वाट बंद झालेली आहे.

आता उघडी असलेली वाट पाहू. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या उमेदवाराला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे पदविका दोन वर्षांत होते. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो आणि तिथे तीन वर्षे लागतात. एकूण पाच वर्षे झाली. नोकरीचे काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून काही संस्थांना नोकरदारांसाठी स्वतंत्र तुकड्या चालवण्याची परवानगी दिली आहे. हे दूरस्थ शिक्षण नव्हे. वर्गात बसावे लागते आणि प्रयोगशाळेत उभे राहावे लागते, फक्त वेळापत्रक नोकरीला सांभाळून घेणारे असते. त्यासाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि कामाचे ठिकाण संस्थेपासून किती लांब असावे यालाही मर्यादा आहे. चाकण-भोसरीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला ही अट अडचणीची होऊ नये. मात्र एखाद्या संस्थेला मागच्या वर्षी परवानगी होती म्हणून यंदाही असेलच असे धरून चालू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि चालू वर्षाची प्रवेशक्षमता पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. तुमच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील, तर कायम एकच पाळी मिळेल का हे मनुष्यबळ विभागाशी आधी बोलून घ्या. अशा तुकड्यांतून गळणारी माणसे अभ्यासाला कंटाळून कमी आणि रात्रपाळीने थकून जास्त गळतात, असे माझे निरीक्षण आहे.

एक जुनी आठवण सांगतो. आमच्या कार्यशाळेतील एका लेथवर दंडगोल कातला की तो एका टोकाला बारीक येई. मी फळ्यावर कारणे लिहू लागलो. आयटीआयमधून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या एका मुलाने तेवढ्यात दोन सेंटरांमध्ये टेस्ट बार बसवला, डायल गेज फिरवून दाखवला आणि ‘सर, टेलस्टॉक (लेथचा मागचा आधार) सरकलाय’ म्हणून तो मोकळा झाला. हाच मुलगा त्रिकोणमितीच्या तासाला मान खाली घालून बसत असे, कारण पदविकेच्या पहिल्या वर्षाचे गणित त्याच्या वाट्याला आलेच नव्हते. मी त्याच्यापुढे साइन बार, म्हणजे कोन लावण्याची पट्टी, ठेवला आणि विचारले, “याच्याखाली स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) किती उंचीचे लावायचे हे तू कशावरून ठरवतोस?” तो म्हणाला, “तक्त्यावरून.” त्या तक्त्यातला आकडा म्हणजेच साइन, हे कळल्यावर त्याचे पुढचे अडले नाही. तुमचेही असेच होईल. यंत्र तुम्हाला येते, गणित अडवील. म्हणून प्रवेश होईपर्यंतच्या महिन्यांत एजंटाच्या हप्त्याऐवजी पदविकेच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक विकत घ्या आणि रोज चार उदाहरणे सोडवा.

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीला ९१ टक्के गुण मिळाले. तिला इंजिनिअर व्हायचे आहे. नातेवाईक म्हणतात की डिप्लोमा कमी गुणांच्या मुलांनी करायचा असतो, हिला अकरावी सायन्स आणि लातूरला क्लास लावा. आमची जेमतेम चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि आम्ही इतर मागास वर्गात मोडतो. काय करावे?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे तुम्ही बाजूला ठेवले तरी चालेल. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार अशी सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षापासून पदवीची तीन अशीही सहाच वर्षे होतात. वेळ कोणत्याच वाटेवर वाचत नाही आणि वायाही जात नाही. फरक आहे तो जोखमीत.

पहिल्या वाटेवर दोन वर्षांचा अभ्यास एमएचटी-सीईटीच्या तीन तासांवर येऊन ठेपतो. २०० गुणांच्या त्या परीक्षेत निम्मे गुण एकट्या गणिताचे असतात. परीक्षा बिनसली तर हातात बारावीचे प्रमाणपत्र उरते. दुसऱ्या वाटेवर प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि ९१ टक्क्यांना चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनाची आशा नक्की धरता येते. शासकीय संस्थेचे शुल्कही कमी असते. तिसऱ्या वर्षाअखेर काही कारणाने पुढे शिकता आले नाही, तरी मुलगी कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी अर्ज करू शकते. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात या शेवटच्या मुद्द्याला मी फार महत्त्व देतो.

या वाटेवरची अडचणही सांगितली पाहिजे. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के, अधिक पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या, अशा असतात. नामांकित महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या जागा रिकाम्या राहत नाहीत, त्यामुळे तिथे स्पर्धा तीव्र असते आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षात नव्वदीच्या पुढे राहावे लागते. दुसरी अडचण गणिताची आहे. पदविकेची मुले महाविद्यालयात येतात ती थेट ‘एम-थ्री’च्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या विषयाच्या वर्गात. तिथे लाप्लास आणि फूरिए सुरू झालेले असते, तर बाकीच्या मुलांनी पहिल्या वर्षी शिकलेले एम-वन, एम-टू यांनी पाहिलेलेच नसते. कार्यशाळेत आणि ड्रॉइंगमध्ये वर्गाच्या पुढे असलेली ही मुले एम-थ्रीत के.टी. लावून घेतात, म्हणजे नापास होऊन विषय मागे ठेवतात, आणि मग ‘डिप्लोमावाल्यांचे गणित कच्चे’ हा शिक्का बसतो. यावर उपाय सोपा आहे. पदविकेचा शेवटचा पेपर आणि पदवीचा पहिला दिवस यांच्यामध्ये जे दोन-तीन महिने मिळतात, त्यांत अवकलन, संकलन आणि अवकल समीकरणे एवढे पक्के करून घ्यायचे.

पैशांविषयी. इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा, या त्यातील मुख्य अटी आहेत. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. इथेच बरेच पालक फसतात. चकचकीत इमारत आणि ‘विद्यापीठ’ अशी पाटी पाहून प्रवेश घेतात आणि ‘मुलींना फी माफ आहे ना?’ हे नंतर विचारतात. याशिवाय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती खास मुलींसाठी असून ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, पदविका आणि पदवी दोन्हींना मिळते आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत देता येते. तिच्यासाठीही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांचीच आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे तो तिकडे आपोआप जात नाही.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी आजच अर्ज करून ठेवा. वैधता प्रमाणपत्राअभावी ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या गुणांत काहीच कमी नसते.

प्रश्न : माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. दहावीत मंडळाने जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत दिली. घरातले रेडिओ, मिक्सर तो उघडून दुरुस्त करतो, पण चार ओळी लिहिताना दहा चुका करतो. अभियांत्रिकी त्याला झेपेल का, आणि सवलती पुढे मिळतात का?
— एक आई, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कायद्यात लिहिलेले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद असून विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांतला एक प्रकार आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असतात. लेखी परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि दर तासाला किमान वीस मिनिटे भरपाई वेळ मिळतो. प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आले तर जागांचे आरक्षण मिळत नाही, पण लेखनिकाचा प्रश्न तिथे संपत नाही. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका स्पर्धा परीक्षार्थीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिक देण्यासाठी ती लावता येणार नाही. त्यानंतर केंद्र शासनाने अशा परीक्षार्थींसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

दहावीच्या मंडळाने दिलेली सवलत महाविद्यालयात आपोआप चालू राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. मंडळ वेगळे, सीईटी कक्ष वेगळा, विद्यापीठ वेगळे. प्रत्येक ठिकाणी अर्ज नव्याने करावा लागतो आणि शाळेत चाललेला जुना दाखला पुढे चालेलच असे नाही. शासकीय वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, सीईटीचा फॉर्म निघण्याआधी हातात असू द्या. प्रमाणपत्र ४० टक्क्यांचे किंवा त्याहून अधिक असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ‘सक्षम’ या नावाची वर्षाला ५०,००० रुपयांची शिष्यवृत्तीही मिळू शकते.

आता झेपण्याविषयी. अभियांत्रिकीत वाचन पुष्कळ असते असा समज आहे, पण खरा त्रास होतो तो लेखनाचा, आणि तोही परीक्षेपेक्षा जर्नलचा. प्रत्येक प्रयोगाचे हेतू, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष हाताने उतरवून सबमिशनच्या दिवशी सही घ्यायची असते. प्रयोग पहिल्या झटक्यात जमलेला मुलगा जर्नल अपुरे म्हणून टर्मवर्कचे गुण घालवून बसतो. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांना जाऊन भेटा आणि जर्नल संगणकावर टाइप करून चालेल का, ओरलमध्ये उत्तर आकृती काढून दिले तर चालेल का, हे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारा. त्यांचे उत्तर ऐकूनच ती संस्था कशी आहे ते कळेल. ‘नियमात बघावे लागेल’ म्हणणाऱ्या प्राध्यापकापेक्षा ‘अर्ज द्या, मी पाहतो’ म्हणणारा प्राध्यापक असलेले साधे महाविद्यालय तुमच्या मुलाला अधिक मानवेल. शाखेची निवड करताना त्याला उघडायला आणि जोडायला काय आवडते ते पाहा. तुमच्या वर्णनावरून इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल डोळ्यांसमोर येते. संगणक शाखेत स्वल्पविराम किंवा कंस चुकला तरी प्रोग्रॅम अडतो, त्यामुळे ती नको असे काही जण सुचवतील. ते मला पटत नाही, कारण आजचे एडिटर तशी चूक लाल रेघ मारून दाखवतात आणि ती किती वेळा झाली हे मोजत बसत नाहीत.

प्रश्न : बारावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजीची भीती वाटते. पदवी मराठीतून करता येते का? नोकरी मिळेल का?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : करता येते, पण पर्याय मोजके आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि त्या पहिल्याच वर्षी निगडीच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू झाली. परिषदेने पहिल्या वर्षापासूनची पाठ्यपुस्तकेही मराठीत आणली आहेत. जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीत देता येते.

ही पुस्तके इंग्रजी माध्यमात प्रवेश घेणाऱ्यांनीही जवळ ठेवावीत असे मला वाटते. आपल्याकडचे बहुतेक वर्ग तसेही दुभाषी असतात. सर मराठीत समजावतात, फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि पेपर इंग्रजीत असतो. अवघड असते ते इंग्रजी वाक्य. इंग्रजी संज्ञा अवघड नसते. ‘स्ट्रेस’ला पुस्तकात ‘प्रतिबल’ म्हटले आणि ‘स्ट्रेन’ला ‘विकृती’, तरी तुळई कुठे वाकेल आणि का वाकेल हे मराठीत समजलेले असले की दोन्ही शब्द चालतात. मुलाखत मात्र बहुधा इंग्रजीतच होईल आणि यंत्रांची मॅन्युअलेही इंग्रजीतच येतील. म्हणून समजून घेणे मराठीत आणि रोजचे एक पान लिहिणे इंग्रजीत, असा सराव पहिल्या सत्रापासून ठेवा.

प्रश्न : भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले आहे. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात न करता अभियांत्रिकीला जाता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येईल. बारावीला गणित असेल आणि बी.एस्सी.ला किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के) असतील, तर थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. मात्र पदविकाधारकांचे प्रवेश झाल्यानंतर उरलेल्या जागाच तुम्हाला मिळतात आणि पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी ड्रॉइंग व मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर उत्तीर्ण व्हावे लागतात. गणिताची तुम्हाला काळजी नसावी. ड्रॉइंग हाताने करण्याची सवय मात्र आत्तापासून लावा.

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. मूळ शिक्षण बी.कॉम. प्रोग्रॅमिंग आणि डेटाचे शिक्षण पद्धतशीर घ्यावे असे वाटते. या वयात कोणी प्रवेश देईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम तुमच्यासाठी योग्य आहे. त्याला वयाची अट नाही, जेईईची अट नाही आणि बारावीची शाखाही कोणती ते पाहिले जात नाही. दहावीला गणित व इंग्रजी असले आणि बारावी उत्तीर्ण असले की पुरे. आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो. त्यात इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि संगणकीय विचारपद्धती हे विषय शिकवतात आणि त्यांची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच पुढे प्रवेश मिळतो. नंतर पायाभूत प्रमाणपत्र, डिप्लोमा, बी.एस्सी. आणि चार वर्षांची बी.एस. अशा पायऱ्या आहेत आणि कोणत्याही पायरीवर तेवढे प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. व्याख्याने घरबसल्या ऐकायची, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. ही पदवी बी.एस. आहे, बी.टेक. नाही. चाकणच्या वाचकांना दिलेले उत्तर वाचून तुमच्या मनात शंका येऊ नये म्हणून हे सांगतो. ही अभियांत्रिकीची पदवी असल्याचा दावा खुद्द संस्थाही करत नाही, त्यामुळे दूरस्थ अभियांत्रिकीला मनाई करणारा तो नियम इथे आड येत नाही.

बी.कॉम.च्या संख्याशास्त्राचा तुम्हाला उपयोग होईल. बँकेत मार्चअखेरीची धावपळ असते, तेव्हा पात्रता टप्पा त्या महिन्यात येणार नाही अशी सत्राची निवड करा.